रिकाम्या हातानं परतलेला पोट्टा

पत्र वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई अंगणवाडी सेविका आहेत. घरी पाच एकर वावर, त्यात कापूस, सोयाबीन, तूर. मुलगा 16 वर्षांचा, यंदा अकरावी सायन्सला, रोज एसटीनं अप-डाउन करतो. पत्र मोठं होतं, त्यातलं मुख्य तेवढं त्यांच्याच शब्दांत देते:

"ताई, आमचा पोट्टा रात्री साडेबारापर्यंत इन्स्टावर असते. तिथं चारशे दोस्त आहेत म्हणते. पण घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत. मामा आला तर 'हो', 'नाही', 'बरं', बस. कोणाचा फोन आला तर कापते आन् मंग मेसेज करते, 'काय काम आहे'. पेरणीच्या टायमाले याच्या बाबांनी त्याले डीएपी खताची एक बॅग आणाले कृषी केंद्रात धाडलं. दुकानदार म्हणे, संगं ही दुसरी बाटली घ्या लागते, नाही तं बॅग नाही. हा काहीच बोलला नाही. दुकानाबाहेर उभा राहून मले मेसेज केला, 'देत नाही म्हणते', आन् रिकाम्या हातानं घरी आला. याचे बाबा असे तापले, फोन विहिरीत टाकतो म्हणाले. शेजारचा पोट्टा पहिलीपासून याच्या संगं. ग्रुपवर त्यानं काही वाकडं लिहिलं म्हणून याले राग आला, ब्लॉक केलं. आता दोघं एकाच एसटीत जातात, पण बोलत नाहीत. हाच पोट्टा लहानपणी तान्ह्या पोळ्याले लाकडी बैल घेऊन साऱ्या गावात बोजारा मागत फिरे, कोणाच्याही ओसरीवर बसून गोष्टी करे. त्याची जीभ मोबाइलनंच खाल्ली असं मले वाटते. फोन काढून घेऊ का? आणखी एक, लहान पोरगी 11 वर्षांची आहे, तेही इन्स्टा मागून राहिली."

ताई, फोन विहिरीत टाकू देऊ नका. एक तर त्याचे हप्ते अजून फिटायचे असतील. दुसरं म्हणजे फोन गेला म्हणून तो उद्यापासून कृषी केंद्राच्या काउंटरवर तोंड उघडायला लागेल असं नाही. दोस्ताच्या फोनवर तुमच्या नकळत इन्स्टा उघडायला मात्र नक्की शिकेल.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्यातली पाहुण्यांची गोष्ट मी बाजूला ठेवते. मामा आला की मागच्या दारानं वावरात सटकणारे पोट्टे मोबाइल यायच्या आधीही गावोगाव होते. मिसरूड फुटायच्या वयात आवाज फाटलेला असतो, तोंडावर पुटकुळ्या असतात आणि पाहुणा बसल्या बसल्या पहिला प्रश्न टक्क्यांचा विचारतो. कोण थांबेल तिथं? रात्री इन्स्टावर असण्यातही तो एकटा नाही. 2024 च्या 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना विचारलं होतं, मागच्या आठवड्यात स्मार्टफोन कशासाठी वापरला? अभ्यासासाठी म्हणणारे 57 टक्के निघाले, सोशल मीडियासाठी म्हणणारे 76 टक्के. तेव्हा 'आमच्याच घरी असं कसं' हे मनातून काढून टाका.

कृषी केंद्राचं मात्र सोडून देण्यासारखं नाही. तिथं काय झालं असेल ते डोळ्यांपुढे आणा. पेरणीचे दिवस, दुकानात कास्तकारांची गर्दी, दुकानदाराचा हात बिलबुकावर आणि नजर पुढच्या गिऱ्हाइकावर. तो म्हणतो, संगं ही बाटली घ्या लागते. याला उत्तर द्यायचं तर तिथंच, त्याच क्षणी, चार मोठ्या माणसांच्या देखत द्यायचं. चुकलं तर पुसता येत नाही. समोरासमोरच्या बोलण्याला वेग फार असतो. वेगवेगळ्या 10 भाषांतल्या गप्पा तपासून संशोधकांनी 2009 मध्ये मोजलं, तर एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा लागतो असं दिसलं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत जुळत असतं, तेही त्याचा चेहरा आणि आवाजातला चढउतार पाहत पाहत. कोणी हे वर्गात शिकवत नाही. रोज दहा माणसांशी बोलून ते अंगवळणी पडतं.

चॅटवर तुमच्या मुलाला नेमका याच्या उलट सराव झाला आहे. मेसेज वाचायचा, मनात घोळवायचा, लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा, वाटलं तर तासाभरानं पाठवायचा. कोणाला लगेच उत्तर द्यायचं, कोणाचा मेसेज न उघडता ठेवायचा, कोणता इमोजी हसण्याचा आणि कोणता टोमण्याचा, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. याला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. उद्या नोकरीला लागला तर निम्मं काम त्याला लिहूनच करावं लागेल. पण दुकानाबाहेर उभं राहून त्यानं तुम्हाला मेसेज केला ना, तेव्हा त्याला जे जमतं ते त्यानं केलं. जे जमत नाही त्याचा सराव कुठं तुटला ते शोधायला हवं.

तुमच्या हिशोबानं तो 2020 मध्ये पाचवीत असेल. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, मग कधी उघडल्या कधी मिटल्या, असं 2022 उजाडेपर्यंत चाललं. याच वयात खेड्यातलं पोरगं किराण्यातून उधारीवर तेल आणतं, चक्कीवर नंबर लावतं, मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये तोंड घालून रागावून घेतं. त्या दोन वर्षांत हे सगळं थांबलं आणि ऑनलाइन शाळेच्या नावानं घरोघरी फोन आला. वर्गशिक्षक व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवायचे, पोरं वहीचा फोटो काढून परत पाठवायची. शाळा पुन्हा भरली, पण संध्याकाळी पाराजवळ जमण्याची सवय बऱ्याच गावांत परत आली नाही. पोरं अजूनही पाराजवळ दिसतात म्हणा, पण वायफाय किंवा रेंज मिळते म्हणून, आणि माना खाली.

मग फोन नसला तर बोलणं आपोआप सुधारेल का? याचं उत्तर शोधायला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एक प्रयोग झाला, 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहावीतल्या 51 मुलांना पाच दिवस निसर्ग शिबिरात नेलं. तिथं फोन नाही, टीव्ही नाही, कॉम्प्युटर नाही. जाण्याआधी आणि आल्यावर त्यांना माणसांचे चेहरे आणि आवाज बंद केलेले व्हिडिओ दाखवून विचारलं, या माणसाच्या मनात काय चाललंय? पाच दिवसांत त्यांचं हे ओळखणं सुधारलं, आणि शिबिराला न गेलेल्या मुलांपेक्षा ते जास्त सुधारलं. लोक ही गोष्ट 'फोन बंद केला की पोरं सुधारतात' म्हणून सांगत फिरतात. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. पाच दिवस ती मुलं एकत्र चालली, जेवली, भांडली. बोलण्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हतं. तुम्ही फोन काढून घेतला आणि घरात बोलायला कोणीच नसलं, तर तो भिंतीकडे बघत बसेल.

इथं मला तुम्हाला जरा टोचेल असं विचारायचं आहे. तुम्ही दोघं त्याच्याशी दिवसभरात काय बोलता? 'उठला का', 'जेवला का', 'एसटी मिळाली का', 'ठेव तो फोन'. एक दिवस मनातल्या मनात नोंद ठेवा, हुकूम किंवा चौकशी नसलेली वाक्यं किती निघतात ते. शिवाय तुम्ही अंगणवाडीत आहात, म्हणजे संध्याकाळी पोषण ट्रॅकर ॲपमध्ये वजनं-उंच्या भरत तुम्हीही फोनवरच असणार. ते काम आहे, मान्य. पण त्याला दिसते ती फोनकडे झुकलेली आई. आणि याचे बाबा भाव पाहतो म्हणून यूट्यूब उघडतात तेव्हा भाव पाच मिनिटांत पाहून होतात का, हे मी विचारत नाही.

म्हणून घरात नियम करायचा तर सगळ्यांना लागू होईल असा करा. तुमच्या विदर्भातच पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं नोव्हेंबर 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली होती. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं वेगळी तऱ्हा निघाली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही-मोबाइल बंद, मोठ्यांचेही. मला विचाराल तर मला वडगावची तऱ्हा पटते. बंदी फक्त पोरांवर घातली की त्यांना ती शिक्षा वाटते आणि मोठी माणसं मोकळी सुटतात. तुमच्या घरी भोंग्याची गरज नाही. स्वयंपाकापासून जेवण होईपर्यंत तिघांचे फोन एका जागी, चार्जिंगला लावून. पोषण ट्रॅकर त्याआधी किंवा नंतर.

आता बोलण्याचा सराव. उपदेश करून तो होणार नाही, त्याच्या हातात काम द्यावं लागेल. ज्या कामात बोलल्याशिवाय पुढं सरकत नाही असं काम. महिना-दीड महिन्यात सोयाबीन निघेल. मळणीयंत्रवाल्याला फोन करून दिवस ठरवायचा आणि पोत्यामागं भाव काय तो विचारायचा, हे त्याच्याकडे सोपवा. मेसेज चालणार नाही हे आधीच सांगा. पहिला फोन करताना तो अडखळेल, 'हॅलो' म्हणून गप्प बसेल. बसू द्या. तुम्ही हातातून फोन ओढून घेऊन 'अरे भाऊ, मी बोलते' असं केलंत की संपलं. बाजार समितीत माल नेतानाही त्याला सोबत घ्या. सोयाबीनमध्ये ओलावा 12 टक्क्यांच्या वर आहे म्हणत व्यापारी भाव पाडायला लागला, की 'मशीन मले दाखवा' एवढं वाक्य त्याला म्हणू द्या. गोऱ्हा पहिल्यांदा औताला लावताना जुन्या बैलाच्या जोडीनंच लावतात. बाबांनी शेजारी उभं राहायचं, पण कासरा ओढायचा नाही.

आणि चण्याचं बियाणं आणायला त्याच कृषी केंद्रात त्यालाच पाठवा. त्याआधी रात्री घरात सराव करा. तुम्ही दुकानदार व्हा. अंगणवाडीत लेकरांपुढं तुम्ही वाघ-कोल्हा करताच, दुकानदार काय अवघड आहे? तुम्ही म्हणायचं, 'संगं हे घ्या लागते.' त्यानं म्हणायचं, 'भाऊ, मले फक्त बियाणं पाहिजे. पक्कं बिल द्या.' तुम्ही आवाज चढवायचा, 'मंग दुसरीकडून घे.' तो इथं अडकेल. मग तिसरं वाक्य लागतं, 'ठीक आहे, जबरदस्तीनं घ्या लागते असं बिलावर लिहून द्या, पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याले दाखवतो.' खताबरोबर दुसरा माल गळ्यात मारायला, ज्याला सगळे लिंकिंग म्हणतात, परवानगी नाही आणि त्याची तक्रार करता येते. हे त्याला माहीतच नसेल तर तो बोलणार कशाच्या जोरावर? 1,350 रुपयांच्या बॅगेसाठी अनुभवी कास्तकारसुद्धा त्या काउंटरवर मुकाट्यानं बाटली उचलतात. उलट तुमच्या पोट्ट्यानं ती बाटली घेतली नाही, ही गोष्ट त्याच्या बाबांना एकदा शांतपणे सांगा.

आणखी एक शंका मला पत्र वाचताना आली, खरी-खोटी तुम्हीच पडताळा. तालुक्याच्या कॉलेजात त्याच्या बोलण्याला कोणी हसलं आहे का? 'माह्यं', 'तुह्यं', 'काऊन' म्हटलं की शहरी पोरं आणि कधीकधी शिक्षकही हसतात, आणि सोळाव्या वर्षी एवढं हसू तोंडाला कुलूप लावायला पुरतं. टाइप करताना कोणाची बोली ऐकू येत नाही, म्हणून तिथं जीव मोकळा होतो. गंमत म्हणजे इन्स्टावरच वऱ्हाडीतल्या विनोदी रीलांना हजारोंनी लाइक पडतात. तो त्या बघत असेल तर कधी शेजारी बसून बघा, हसा, आणि मग सहज विचारा, 'कॉलेजात तुम्ही असेच बोलता का रे?' उत्तर येईल किंवा येणार नाही. पण 'फोनमध्ये काय बघतो' या चौकशीपेक्षा ते जवळचं होईल.

शेजारच्या दोस्ताचं मला सगळ्यात वाईट वाटलं. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो. 'वा रे शहाण्या' हे पाठीवर थाप मारून म्हटलं तर लाड, ग्रुपवर लिहिलं तर अपमान. त्यात ग्रुपवर बघे असतात. ओसरीवर दोघंच असताना झालेलं भांडण संध्याकाळपर्यंत विरतं. वीस जणांसमोरचं असेल तर माघार घ्यायची लाज वाटते, आणि ब्लॉक करायला एक बोट पुरतं. तुम्ही त्याच्या आईशी बोलून समेट घडवायला जाऊ नका, दोघंही चिडतील. त्यापेक्षा दोघांना एका कामाला लावा. रानडुकरं येतात म्हणून जागलीला कोणीतरी जावंच लागत असेल. एका रात्री दोन्ही घरच्या बापांनी या दोघांना सोबत न्यावं. अंधारात, शेजारी शेजारी बसून, एकमेकांच्या तोंडाकडे न बघता पोरं जे बोलतात ते समोरासमोर बसवून बोलत नाहीत. तुमच्या मोटारसायकलवरही हेच लागू आहे. त्याला गावाला सोडायला बाबा जातील तेव्हा वीस मिनिटं रागावण्यात घालवू नका म्हणावं.

आणि पाहुण्यांसमोर 'आमचा तर काही बोलतच नाही' हे वाक्य आजपासून बंद. त्याच्यादेखत दहा वेळा म्हटलं की न बोलण्याला त्याला आयतं कारण मिळतं. मामा आला तर 'मामाले चहा नेऊन दे, आन् मळणीवाला कधी येते ते सांग' एवढं काम द्या. सांगायला माहिती असली की माणूस बसतो.

फोनचं म्हणाल तर झोपेचं आधी बघा. साडेबाराला झोपून सहाला एसटीसाठी उठणारं पोरगं दिवसभर चिडचिडं आणि अबोलच राहणार. इन्स्टाग्रामनं 18 वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी खाती केली आहेत. भारतात ती फेब्रुवारी 2025 पासून सुरू झाली. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट असतं आणि रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद राहतात. पण खातं काढताना जन्मवर्ष मागचं टाकलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही, आणि बऱ्याच पोरांनी ते टाकलेलं असतं. त्याच्यासोबत बसून बघा. चोर पकडल्यासारखं नको. फोन रात्री चार्जिंगला बाहेरच्या खोलीत, तुमचाही.

लाजणं आणि घाबरणं यातला फरक मात्र ओळखा. फोन वाजला की दचकतो, स्क्रीन झाकतो, अचानक पैसे मागतो, कॉलेजला जायला टाळतो, जेवण सुटतं, असं काही दिसलं तर तो कोणाच्या धमकीत असू शकतो. फोटो किंवा व्हिडिओ दाखवून पैसे उकळणारे खेड्यातल्या पोरांनाही गाठतात. तेव्हा आधी रागावू नका, नाहीतर तो तुम्हाला सांगणारच नाही. पैशांची फसवणूक असेल तर 1930 वर लगेच फोन करा. मुलांसाठी 1098 आहे. मन खचल्यासारखं वाटलं तर 14416, टेलिमानस, तिथं मराठीत बोलता येतं आणि फोन फुकट लागतो. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, तरी नंबर लिहून ठेवा. अंगणवाडीत येणाऱ्या दुसऱ्या आयांनाही कामी येतील.

राहिली धाकटी. इन्स्टाग्रामचं खातं काढायला वयाची किमान अट 13 वर्षांची आहे, ती 11 ची आहे, तेव्हा उत्तर 'नाही', आणि त्याला कारणाची गरज नाही. रडेल, दोन दिवस जेवणावर रुसेल. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत तुमच्याकडे भुलाबाई बसते ना? गल्लीतल्या पोरींना घरी बोलवा, डब्यात झाकलेली खिरापत ओळखायला लावा आणि डबा तिच्या हातात द्या. पोरी 'गोड का तिखट', 'भिजलेलं का भाजलेलं' करून तिला भंडावून सोडतील आणि तिला हसू दाबून, न फुटता, उत्तरं द्यावी लागतील. फक्त कोजागिरी झाल्यावर एकदा भावाचा फोन तपासा. दोन वर्षं वाढवून त्यानंच तिला खातं काढून दिलेलं निघालं, तर मला नवल वाटणार नाही.